मोजलेलं मीठ

९ सप्टेंबर

“तुझ्या पळण्याचा आणि माझ्या हृदयाचा संबंध काय?” आज दादाने विचारलं, आणि मला उत्तर देता आलं नाही.

तशी मी पुष्कळ बोलले. मी मॅरेथॉन धावणार म्हणून लोक देणगी देतील, ती हृदय प्रत्यारोपणाच्या संशोधनाला जाईल, आज ज्यांना नवं हृदय बसवता येत नाही त्यांनाही उद्या बसवता येईल. दादा खिडकीजवळच्या खुर्चीत पाय वर घेऊन ऐकत होता. शेवटी म्हणाला, “म्हणजे किती वर्षांनी?”

“दहा तरी लागतील.”

“बरं. मी थांबतो.” आणि स्वतःच हसत सुटला. हसता हसता त्याला धाप लागली, तेव्हा आईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्याला उठबशा काढायला लावल्या होत्या.

दादा लिफ्टचा मेकॅनिक. शाळा संपताच कामाला लागला, म्हणून मी शिकले. घरातली पहिली पदवीधर. तो मला ‘पदवीबाई’ म्हणतो, आणि चिडला की ‘अहो पदवीबाई’. गावभर लिफ्ट बसवत फिरला आणि राहतो तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. गेल्या वर्षी साध्या तापाने सुरुवात झाली. ताप गेला, पण जाताना हृदय निकामी करून गेला. आता दुसरं हृदय मिळालं तरच. यादीत त्याचं नाव आहे.

पण खरंच, माझ्या पळण्याचा संबंध काय?

१२ सप्टेंबर

पळण्याच्या गटात आज पहिल्यांदा गेले. गटाच्या प्रमुख एक मास्तरीण आहेत, निवृत्त झालेल्या. त्यांना बरीच वर्षं झाली दुसऱ्याचं हृदय बसवून. सगळे त्यांना ‘हृदयवाल्या बाई’ म्हणतात, त्यांच्या तोंडावर सुद्धा. त्या पळत नाहीत, भरभर चालतात. सुरुवातीला मात्र अगदी रमतगमत. मी कारण विचारलं.

“नव्या हृदयाला मेंदूकडून निरोप आणणाऱ्या नसा जोडता येत नाहीत गं. पाय निघाले हे त्याला लगेच कळत नाही. उशिरा ऐकतं. मग मी त्याला वेळ देते.”

घरी येऊन दादाला सांगितलं. त्याला हे फार आवडलं. म्हणाला, “म्हणजे जुन्या लिफ्टसारखं. बटण दाबायचं आणि विडी ओढून यायचं.”

२१ सप्टेंबर

आमच्या घरात सध्या तीन गोष्टींना कुणी हात लावायचा नाही.

एक, दाराजवळची पिशवी. हृदय मिळालं असा निरोप आला की तडक निघता यावं म्हणून भरून ठेवलेली. दादाचे कपडे, नवा टॉवेल, दाढीचं सामान, तपासण्यांचे कागद.

दोन, ज्या फोनवर तो निरोप येणार तो फोन. तो कायम चार्जरला लावलेला. त्यावरून कुणी बोलायचं नाही. दादाने त्याचं नाव ‘जावईबापू’ ठेवलंय. “हलायचं नाही, काम करायचं नाही, सगळ्यांनी तोंडाकडे बघत बसायचं.”

तीन, माझी मिठाची बाटली. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. कुठल्या पाण्यात कोणते क्षार किती, हे दिवसभर मोजायचं. तिथूनच नमुन्याची एक छोटी काचेची बाटली सरांना विचारून आणली. दादाच्या अंगात पाणी साठतं, म्हणून त्याला दिवसाला अगदी थोडं मीठ चालतं. ते मी सकाळी तोलून बाटलीत घालते. आईने दादाचा स्वयंपाक वेगळा करायचा आणि त्यातलंच मीठ वापरायचं. आई म्हणते, चिमटीचा अंदाज मला आहे. मी म्हणते, अंदाजावर माणूस जगत नाही.

हे जरा लागेल असं बोलले. पण खरं तेच आहे.

५ ऑक्टोबर

गुडघा दुखतो. बाबांनी तेल लावून दिलं. बाबा घरं रंगवतात, त्यामुळे त्यांच्या हाताला तेलातही टर्पेंटाइनचा वास येतो. म्हणाले, “तुला एवढं पळायचं तरी काय अडलंय?” मी संशोधनाचं सांगायला लागले, तर म्हणाले, “असू दे, असू दे. तू पळ.”

मी इमारतीभोवती फेऱ्या मारते तेव्हा दादा खिडकीतून शिट्टी वाजवतो. कामावर असताना वरच्या मजल्यावरच्या जोडीदाराला हाक मारायची ती शिट्टी. आज दोनदाच वाजली. नंतर म्हणाला डुलकी लागली.

२६ ऑक्टोबर

आज सगळ्यात लांबची धाव झाली! शहराबाहेरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत. मला वाटलं नव्हतं. शेवटच्या चढावर पाय माझे नव्हतेच. बाई टाळ्या वाजवत होत्या. जिना अक्षरशः उड्या मारत चढले.

घरात तिघेही बसले होते. आज सुट्टीचा दिवस असूनही मोठ्या डॉक्टरांनी दादाला बोलावलं होतं. बाबा आणि खालचे शेजारी त्याला खुर्चीत बसवून खाली नेणार होते, ते मी निघण्याआधीच ठरलं होतं. मी विचारलं, “काय म्हणाले?”

आईने बाबांकडे पाहिलं. मग दादाच म्हणाला, “काही नाही. फुप्फुसातला दाब जरा वाढलाय. ते राहू दे, तू सांग. पोचलीस टाकीपर्यंत?”

मी सांगितलं. चढाचं, वाऱ्याचं, एका कुत्र्याने बराच वेळ सोबत केली त्याचं. दादा एकेक विचारत राहिला. कुत्र्याचा रंग कोणता होता हेसुद्धा. आई मध्येच उठून आत गेली. तिला माझ्या पळण्याचं कौतुक नाही, हे मी आता मनाला लावून घेत नाही. बाबांनी मात्र माझ्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणानंतर पहिल्यांदाच असेल.

दाबासाठी औषध असतं, मी वाचलंय. खरं तर याच विषयावर संशोधन चाललंय. म्हणजे आमचा पैसा अगदी योग्य जागी जाणार.

३० ऑक्टोबर

मिठाची बाटली संध्याकाळी जवळपास भरलेलीच होती. म्हणजे आई मी दिलंय त्याहूनही कमी वापरते. मी तिला शाबासकी दिली. ती “हं” म्हणाली.

उगाच तिच्यावर संशय घेत होते.

६ नोव्हेंबर

संताप आवरत नाही, म्हणून लिहीत बसले आहे.

कामावरून आले तर बाबा जावईबापूंवरून बोलत होते! कुणाला तरी दिवाणखान्याला कोणता रंग शोभेल ते समजावत होते. मी फोन हातातून काढून घेतला. “तेवढ्यात निरोप आला असता तर?”

बाबा म्हणाले, “माझ्या फोनची बॅटरी उतरली होती.”

“मग शेजाऱ्यांकडून करायचा!”

“चुकलं,” बाबा म्हणाले. वाद घातला नाही. बाबा आणि वाद घालत नाहीत! आतून दादा ओरडला, “अगं, जावयालाही कधीतरी कामाला लावावं.” मला हसू आलं नाही.

रात्री पिशवी उघडून पाहिली. नवा टॉवेल त्यात नव्हता. आईने दादाला वापरायला काढलाय. विचारलं तर म्हणते, मऊ आहे, त्याच्या अंगाला बरा.

या घरात आशा धरून बसलेली मी एकटीच आहे का? हे सगळे थकलेत, मी समजू शकते. पण थकून कसं चालेल? कुणीतरी एकाने तरी धीर सोडता कामा नये. मी पिशवीत माझा टॉवेल ठेवला.

१५ नोव्हेंबर

दादाचे पाय खूप सुजलेत. बोट टेकवलं की खळगा पडतो आणि तसाच राहतो. शिट्टी बंद. खुर्ची खिडकीतून पलंगाजवळ सरकवली आहे. तो म्हणतो, “दिसत नाहीस, पण बुटांचा आवाज येतो. डावा पाय घासतेस तू.”

खरंच घासते.

संयोजकांचा निरोप आला. माझ्या नावावर खूप लोकांनी देणगी दिली. शाळेतल्या जुन्या बाईंनी, दादाच्या कामावरच्या लोकांनी, ज्यांच्या इमारतीत त्याने लिफ्ट बसवली होती अशा लोकांनीसुद्धा. दादाला यादी वाचून दाखवली. तो डोळे मिटून ऐकत होता. एक नाव ऐकून म्हणाला, “हे सहाव्या मजल्यावरचे. दार लागायच्या आधीच बटण दाबायचे. भला माणूस.”

२३ नोव्हेंबर



सुट्टी होती, म्हणून दुपारी दादासोबत जेवायला बसले. सहज त्याच्या वाटीतला घास घेतला. खारट! आपल्या सगळ्यांच्या जेवणासारखं व्यवस्थित मीठ घातलेलं. मी उठून ओट्यावरची बाटली पाहिली. काठोकाठ भरलेली. म्हणजे गेले कित्येक दिवस आई मोठ्या बरणीतलंच मीठ घालत होती, आणि मला कळू नये म्हणून रात्री बाटली रिकामी करून ठेवत होती.

मी दादाच्या पुढचं ताट उचललं. त्याच्या हातातला घास हातातच राहिला.

मी काय काय बोलले ते इथे लिहायला हवं. मी आईला म्हटलं, तुला कळतंय का तू काय करते आहेस? रोज थोडं थोडं मारते आहेस त्याला. लिहिलेलं वाचता येतं ना तुला? मी भिंतीवर तक्ता लावलाय तो काय शोभेला? त्याचे पाय बघ, ते तुझ्या मिठाने सुजलेत. डॉक्टरांना कळलं तर यादीतून नाव काढतील त्याचं!

बाबा आतून आले. “ताट खाली ठेव.”

“पण बाबा...”

“ठेव म्हणतो ना!” बाबा माझ्यावर कधी आवाज चढवत नाहीत.

आई ओट्याकडे तोंड करून उभी होती. दादा म्हणाला, “आई, तू बस जरा.” मग मला म्हणाला, “नाव काढलंय गं. कधीच.”

मला कळेचना.

“फुप्फुसातला दाब फार वाढलाय. नवं हृदय बसवलं तर ते टेबलावरच बंद पडेल. औषध देऊन बघितलं, उतरला नाही. डॉक्टर म्हणाले, आता पथ्याने त्याला जाचू नका. आवडेल ते खाऊ दे.”

“कधी म्हणाले?”

“तू टाकीपर्यंत गेलीस त्या दिवशी.”

मी ताट हातात धरून तशीच उभी होते. मला आठवलं, मी कुत्र्याचं सांगत होते.

“मग मला का नाही सांगितलंत? सगळ्यांनी मिळून मला वेडी बनवलंत.”

“सांगणार होतो,” दादा म्हणाला. “पण तू दारातून आलीस ती उद्याचं बोलतच आलीस. या घरात दुसरं कुणी बोलत नव्हतं. म्हटलं, चालू दे जरा.” मग हात पुढे केला. “आता दे ते ताट. गार झालं.”

मी दिलं. तो जेवला. तीन-चार घास. त्याला भूक नव्हतीच, आता कळलं. माझ्यासमोर जेवायचं म्हणून जेवला.

आई रागावली नाही. संध्याकाळी माझ्या गुडघ्याला शेकायला पाण्याची पिशवी आणून दिली, एवढंच.

२४ नोव्हेंबर

सकाळी सवयीने मीठ तोललं. बाटलीत घातल्यावर लक्षात आलं.

२७ नोव्हेंबर

हृदयवाल्या बाईंना सांगितलं. मला वाटलं होतं त्या धीर देतील. त्या बाकावर बसल्या आणि बराच वेळ बुटाची नाडी बांधत राहिल्या.

“मी पळू की नको?” मी विचारलं.

“मला नको विचारूस. मला मिळालं. का मिळालं, माझ्या शेजारच्या खाटेवरच्या मुलीला का नाही मिळालं, मला माहीत नाही. लोक मला व्यासपीठावर बोलावतात, मी जाते. घरी आल्यावर तिचा चेहरा येतो.”

“संशोधनाने पुढे कुणाला तरी...”

“हो, कुणाला तरी. ते खोटं नाही.” त्या उठल्या. “पण तुझ्या दादाला नाही, हेही खोटं नाही. चल, थोडं चालू. मला हळूच निघावं लागेल.”

आम्ही एक फेरी चाललो.

४ डिसेंबर

तरी पळते आहे. का ते कळत नाही. पूर्वी पळताना डोक्यात दृश्यं यायची. दादा बरा झालाय, पुन्हा हत्यारांची पिशवी खांद्याला लावून कामावर निघालाय. आता नुसता डांबरी रस्ता दिसतो.

दादाचे ओठ निळसर झालेत. आडवं पडलं की गुदमरतो, म्हणून बसूनच झोपतो. आई पाठीशी उशा लावून रात्रभर जागते. तिला म्हटलं, तू झोप, मी बसते. म्हणाली, “तुला पळायचंय.” टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

१० डिसेंबर

दादा म्हणाला, “मला एकदा खाली जायचंय.”

“कुठे?”

“कुठे नाही. खाली. रस्त्यावर. शेवटचं खाली नेलं तेव्हा दवाखान्यात नेलं. त्याला काय खाली जाणं म्हणतात?”

मॅरेथॉन आमच्या गल्लीच्या तोंडावरून जाणार आहे. त्याला ती तिथे बसून बघायची आहे. आई म्हणाली, अजिबात नाही, जिन्यात काही झालं तर? बाबा म्हणाले, खालचे शेजारी गावाला गेलेत, माझी पाठ धरली आहे, खुर्ची उचलणार कोण?

“पदवीबाईंना विचारा,” दादा म्हणाला. मग लगेच, “नाही गं, गंमत केली. तू त्या दिवशी पळत असशील.”

मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, “त्याने स्वतः एकही पायरी चढायची नाही. बाकी मी काय सांगू? धोका आहेच. तसा तो पलंगावरही आहे.”

१२ डिसेंबर

संयोजकांकडे जाऊन आले. क्रमांकाचा कागद आणि सदरा घेतला. विचारलं, कुणी ऐन वेळी नाही धावलं तर? ते म्हणाले, देणगी संशोधनाला जाईलच, फक्त निकालात तुमच्या नावापुढे ‘अनुपस्थित’ असं येईल. “पण असं बोलू नका हो,” ते म्हणाले. “तुमच्यासारखी मुलगी तर धावलीच पाहिजे. लोकांना आशा मिळते.”

घरी आले तेव्हा दादा म्हणाला, “दाखव सदरा. पाठीवर काय लिहिलंय?” मी वाचून दाखवलं. तो म्हणाला, “पळ बरं का. लोकांनी तुझ्यावर विश्वास टाकलाय. माझं काय, मी आवाज ऐकीन वरून.”

त्याला ते खरंच वाटत होतं का, मला ओळखता येईना.

१४ डिसेंबर

मी आज धावले नाही.

पहाटे सदरा घातला, बूट घातले, नाड्या बांधल्या. आई दार उघडून द्यायला उठली होती. मी दादाच्या पलंगापाशी गेले, पाठ त्याच्याकडे करून खाली बसले आणि म्हटलं, “चल.”

“वेडी आहेस का?”

“लिफ्ट आली आहे. दार लागतंय, लवकर.”

आई म्हणाली, “नको गं बाई.” पण तिनेच त्याला शाल गुंडाळली आणि त्याचे हात माझ्या गळ्याभोवती आणून दिले.

तो हलका झालाय. फार हलका झालाय. पाय तेवढे जड, पाण्याने. बाबा पुढे घडीची खुर्ची घेऊन उलट्या पायांनी उतरत होते, म्हणजे मी पडले तर आम्ही दोघे त्यांच्यावर पडावं. त्याचा श्वास माझ्या कानापाशी करकरत होता. मी एकेक पायरी टाच टेकवून उतरले, चढावरून उतरताना बाईंनी शिकवलं होतं तसं.

गल्लीच्या तोंडाशी त्याला बसवलं. धावणारे येऊ लागले. आधी सडसडीत, जोरात जाणारे, मग आमच्यासारखे. गटातले लोक मला बघून ओरडत होते, “अगं, इकडे काय करतेस?” दादाच उत्तर देत होता, “ती ड्यूटीवर आहे!” मोठ्याने बोलता येत नव्हतं, तरी देत होता. सगळ्यात शेवटी हृदयवाल्या बाई आल्या, चालत. त्या थांबल्या. दादाने त्यांच्या छातीकडे बोट करून विचारलं, “ऐकलं का त्याने?” बाई म्हणाल्या, “आत्ता कुठे ऐकलंय.” दोघेही हसले. बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढे गेल्या. त्यांना वळून बघायचं नव्हतं, पाठीवरून कळत होतं.

धावणाऱ्यांना मीठ-साखर घातलेलं पाणी वाटत होते. वाटणाऱ्या बाईने दादालाही पेला दिला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे बघितलं. तो सगळं प्यायला.

तो म्हणाला, “थंडी वाजतेय.” तेव्हा वर आणलं.

चढताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर माझे पाय लटपटायला लागले. मी भिंतीला टेकले. त्याचं डोकं माझ्या खांद्यावर पडलं होतं, डोळे मिटलेले. मला वाटलं, झालं. मग तो हळूच म्हणाला, “थांबू नकोस. लिफ्ट मध्येच अडकली की आतले लोक घाबरतात.”

मी थांबले नाही.

त्यानंतर तो दिवसभर झोपून आहे. मध्ये एकदा जागा झाला, मी कोण ते त्याला चटकन कळलं नाही. डॉक्टर येऊन गेले. बाबांना बाहेर नेऊन बोलले. या वेळी बाबांनी आत येऊन मला सगळं सांगितलं. थोडेच दिवस, म्हणाले. तेसुद्धा नसतील.

‘तुझ्या पळण्याचा संबंध काय?’ याचं उत्तर मला अजून माहीत नाही. निकालात ‘अनुपस्थित’ आलं आहे.

संध्याकाळी मी नमुन्याची बाटली मोठ्या बरणीत रिकामी केली, धुतली, आणि कामावर न्यायच्या पिशवीत ठेवली. आईला बाजूला बसवलं आणि दादाचं जेवण मी केलं. मीठ मीच घातलं, चिमटीने, न मोजता. तो एकच घास जेवला.

“आईसारखं झालंय,” तो म्हणाला.